पालकांची सही

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. तिची मुलगी यंदा आठवीत गेली. ख्यालीखुशाली झाली, पावसाचं झालं, भाज्यांच्या भावाचं झालं आणि मग मुद्द्याची गोष्ट निघाली. ‘‘अगं, तुझी लेक गाइडला होती ना? त्याचे दहावीला किती मार्क मिळतात गं? म्हणजे तेवढ्यासाठी घालावं की नको, ते ठरवते.’’

मी म्हटलं, ‘‘तिला तंबूत झोपायला आवडेल का, ते आधी विचार.’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘‘तंबूत? रात्रीचं? नाही गं बाई, तसलं काही नको. तेवढं सर्टिफिकेट मिळालं की झालं.’’

फोन ठेवला, कुकर लावला, पण ते ‘तसलं काही नको’ डोक्यातून जाईना. कारण ‘तसलं काही’ वगळलं तर गाइडिंगमध्ये उरतं काय? निळा गणवेश, गळ्यातला स्कार्फ आणि पंधरा ऑगस्टचं संचलन!

ज्यांच्या घरात हा गणवेश कधी आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘भारत स्काऊट्स आणि गाइड्स’ ही आपल्याकडची संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ला मुलींची गर्ल गाइड्स संघटना तिच्यात सामील झाली. मुलगे ते स्काऊट, मुली त्या गाइड. त्याआधी लहान वयात मुलगे कब आणि मुली बुलबुल. बुलबुलांना एकेक पंख मिळत जातो. कोमल, रजत, सुवर्ण आणि शेवटी हीरक पंख. किती गोड नावं आहेत ना! साधारण पाचवीपासून गाइड सुरू होतं. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्यपालांच्या सहीचा राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वरती राष्ट्रपती पुरस्कार. एकेका पायरीवर ठरलेले महिने काम करावंच लागतं. क्रॅश कोर्स नाही, व्हेकेशन बॅच नाही. शेवटच्या पायरीपर्यंत पोचायला मुलीची तीन-चार वर्षं सहज जातात, आणि वयाची अट असल्यामुळे ‘बघू पुढं कधीतरी’ असंही म्हणता येत नाही.

आणि शिकतात काय? दोरीच्या गाठी. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, शीप शँक, बोलाइन. काठ्या एकमेकींना बांधून पूल नाहीतर भांड्यांची मांडणी उभी करायची. दोन काठ्या आणि दोन शर्टांचं स्ट्रेचर करायचं. काठीच्या सावलीवरून झाडाची उंची सांगायची. होकायंत्र धरून, वाटेतल्या खुणा ओळखत मुक्कामाला पोचायचं. बिनभांड्याचा स्वयंपाक करायचा, म्हणजे चिखलात लिंपलेला बटाटा निखाऱ्यात भाजायचा आणि काठीला कणीक गुंडाळून तिची पोळी करायची. आणि माझी सगळ्यात आवडती परीक्षा म्हणजे दोन काड्यांत चूल पेटवणं. आगपेटीतल्या फक्त दोन काड्या! लेकीच्या वेळी हौसेनं मीही करून पाहिलं. वीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेली बाई मी, पण लायटरनं गॅस पेटवणारी. पाच काड्या गेल्या, धूर डोळ्यांत गेला आणि चूल काही पेटली नाही. लेक शेजारी उभी राहून हसत होती. ‘‘आई, तू आधीच मोठी लाकडं घातलीस. बारीक काटक्या कुठंयत?’’

तर हे सगळं त्या पदकामागं असतं. निदान असायला हवं. प्रत्यक्षात काय होतं ते मी सांगते, आणि सांगताना पहिली मीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

‘खरी कमाई’ हा शब्द स्काऊट-गाइडच्या आयांना चांगला ठाऊक असेल. मुलांनी स्वतःच्या श्रमातून चार पैसे मिळवायचे आणि पथकासाठी किंवा सेवेसाठी वापरायचे, अशी मूळ सुंदर कल्पना. आता शाळाशाळांतून तिचे स्टॉल लागतात. माझी लेक सातवीत असताना तिच्या गटाला भेळेचा स्टॉल मिळाला. आदल्या रात्री चिंचेचा कोळ मी काढला. कांदा आम्ही तिघी आयांनी चिरला. शेव, फरसाण एकीच्या यजमानांनी होलसेलच्या दुकानातून आणलं. बॅनर एकीच्या दिरानं छापून आणला. सकाळी स्टॉलमागं आम्ही आया आणि स्टॉलपुढं भेळ खायलाही आम्हीच! मुली काय करत होत्या? पैसे घेत होत्या आणि ते मोजायलासुद्धा एकीचे बाबा मदत करत होते. संध्याकाळी चांगली रक्कम जमली, फोटो निघाले. त्या कमाईत खरं काय होतं, ते चिंचेच्या कोळानं चुरचुरणाऱ्या माझ्या बोटांना विचारा.

त्याहून वाईट गोष्ट लॉगबुकची. प्रत्येक गाइडनं आपण काय केलं, कुठं गेलो, काय चुकलं याची नोंद ठेवायची असते. तृतीय सोपानच्या वेळी लेकीची वही अर्धी कोरी आणि चाचणी आठवड्यावर आलेली. वर गणिताची चाचणी त्याच आठवड्यात. मी म्हटलं, तू गणित कर, हे मी बघते. दोन दुपारी बसून मी वही सजवली. बी. ए.ला मराठी घेतलेलं, तेव्हा लेखणी काय सरसर चालली! निसर्गसहलीचं वर्णन तर असं लिहिलं, की मलाच वाटलं मी जाऊन आले. कडेला पिंपळपान चिकटवलं, स्केचपेननं चौकटी आखल्या.

दोन दिवसांनी कॅप्टन बाईंनी मला शाळेत बोलावलं. (मुलींच्या पथकाला गाइड कंपनी म्हणतात आणि शिक्षिकेला गाइड कॅप्टन.) रागावल्या अजिबात नाहीत. वही माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘ताई, अक्षर फार सुरेख आहे तुमचं. पण त्या सहलीत तुमची मुलगी वाट चुकली होती, आणि तिनंच मग ओढ्याच्या कडेनं सगळ्यांना परत आणलं. ते यात कुठं नाही.’’

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लेक वाट चुकली होती हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मी पुढच्या वेळी पाठवलं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं!

नंतर तिनं स्वतः वही लिहिली. वेडंवाकडं अक्षर, दोन ठिकाणी खाडाखोड, पिंपळपान नाही. ती वही मी अजून जपून ठेवली आहे, माझी कधीच रद्दीत गेली.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिच्या मुलीनं तिकडच्या गर्ल स्काऊट्सचा सर्वोच्च ‘गोल्ड अवॉर्ड’ मिळवला, तेव्हा मी तिला मुद्दाम फोनवर विचारलं, की तुमच्याकडेही आयाच करतात का सगळं? ती हसली. म्हणाली, ‘‘करायला हात शिवशिवतात गं, पण प्रकल्पाचा सल्लागार आई-वडील असून चालत नाही. दुसरं कुणीतरी जाणतं माणूस तिनंच शोधायचं. मी आपली ड्रायव्हर.’’ आपल्या परिसरातला एक प्रश्न निवडायचा आणि त्यावर काम करायचं, साधारण ऐंशी तास तरी द्यावेत अशी अपेक्षा. तिकडचं सगळंच चांगलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडच्या मुलग्यांच्या स्काऊट संघटनेनं मुलींना आपल्या ‘ईगल स्काऊट’ पदाची वाट मोकळी केली ती २०१९ साली. पहिला ईगल स्काऊट १९१२चा. म्हणजे मुलींना शंभरावर वर्षं थांबावं लागलं! पण आईनं ड्रायव्हरच्या सीटवरच बसावं, हे मला पटलं.

मुलींचं हे थांबणं जुनंच आहे म्हणा. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं ते मुलग्यांचं. दोन वर्षांनी, १९०९च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा होता. तिथं काही मुली आपल्या आपण हजर झाल्या. आम्हीही स्काऊट, म्हणाल्या. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. मग १९१० साली मुलींची वेगळी संघटना निघाली आणि बेडन-पॉवेल यांच्या बहिणीनं, ॲग्नेस यांनी, ती सांभाळली. तिला ‘गाइड’ हे नाव मिळालं ते आपल्याकडच्या वायव्य सरहद्दीवरच्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीवरून. १९११ साली जबलपूरला हिंदुस्थानातली पहिली गाइड कंपनी निघाली. आणि आपल्या पुण्यात आळंदी रस्त्यावर ‘संगम’ हे गाइड मुलींचं जागतिक केंद्र १९६६ साली लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते सुरू झालं. देशोदेशीच्या मुली तिथं येऊन राहतात. आणि आम्ही त्याच रस्त्यानं जात असतो, पण आमच्या मुलीला तीन रात्री घराबाहेर पाठवायचं म्हटलं, की पोटात गोळा येतो.

रात्र! सगळं घोडं अडतं ते तिथंच.

१९९४ सालची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी नववीत होते. तृतीय सोपान झालेलं, राज्य पुरस्काराचं चाचणी शिबिर जिल्ह्याच्या ठिकाणी, तीन रात्रींचं. फॉर्मवर खाली एक रेघ आणि रेघेखाली ‘पालकांची सही’. वडील सही करतील याची मला खात्री होती. ते माझ्याकडून गाठी शिकले होते, गाईचं दावं क्लोव्ह हिचनं बांधायचे. पण आजी म्हणाली, ‘‘वयात आलेली पोरगी रानात निजायला धाडायची?’’ वडिलांनी फॉर्मची घडी केली आणि पेपरमध्ये ठेवून दिली. नाही असं ते म्हणालेच नाहीत. शिबिराचा दिवस उजाडला, मावळला, आणि पेपर रद्दीत गेला. माझ्याबरोबरच्या दोघी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या कपड्यांना धुराचा वास येत होता आणि त्यांच्याकडं सांगण्यासारखं इतकं होतं, की मी आठवडाभर मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसले नाही.

मी मनाशी म्हटलं होतं, माझ्या मुलीला मी असं करणार नाही. आणि नाही केलं. राज्य पुरस्काराच्या शिबिराला मी तिला हौसेनं पाठवलं. (लाडवांचा डबा दिला होता तो तिनं गेटवरच परत केला. घरचं खाणं चालत नाही म्हणाली.) ती राज्य पुरस्कार घेऊन आली, पेढे वाटले. आणि राष्ट्रपती पुरस्काराचं शिबिर आलं तेव्हा ती दहावीत होती. मी म्हटलं, ‘‘अगं, प्रिलिम तोंडावर आली. क्लासचे पाच दिवस बुडतील. मिळालंय तेवढं बास की!’’ तिनं फार वाद घातला नाही. मला वाटलं, पटलं. आता ती कॉलेजला आहे. मागच्या दिवाळीत माळा साफ करताना तिचा स्कार्फ सापडला. हातात घेऊन म्हणाली, ‘‘आजोबांनी तुला सोडलं नाही, तू मला सोडलं नाहीस. कारणं तेवढी बदलली.’’ आणि पुन्हा फडक्यानं फळी पुसायला लागली.

मैत्रिणींनो, खरं सांगते, लॉगबुकच्या वेळी लाजले त्यापेक्षा मी तेव्हा जास्त लाजले. कारण लॉगबुक ती स्वतः लिहू शकत होती, चिंचेचा कोळ ती स्वतः काढू शकत होती. मी काढायला नकोच होता. तिला स्वतःला करता येत नव्हती ती एकच गोष्ट. त्या रेघेवरची सही. जे आपण करायचं नाही ते आपण उरापोटावर करतो आणि आपल्याखेरीज कुणी देऊ शकत नाही, ती परवानगी आणि ते चार दिवस, तेवढे मात्र हातचे राखून ठेवतो.

मार्कांना माझा विरोध आहे असं समजू नका. दहावीला सवलतीचे काही गुण पदरात पडतात, पडू देत. खेळाडूंना मिळतात, मग चुलीच्या धुरात डोळे लाल केलेल्या मुलींना का नकोत? पण गुण हेच कारण झालं, की मग शॉर्टकट निघतात. एका शाळेत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. चाचणीच्या आदल्या आठवड्यात सगळ्या मुलींच्या वह्या एकाच वहीवरून उतरवल्या जात होत्या. सगळ्यांच्या सहलीत एकच पक्षी दिसला होता! तिथल्या बाईंना दोष देऊन मोकळं व्हावं असंही वाटत नाही. वर्ग सांभाळायचे, पेपर तपासायचे, निवडणुकीचं काम, सर्वेक्षणाचं काम, आणि त्यात हे. आमच्या कॅप्टन बाई शिबिरात रात्रभर जागायच्या. मुली तंबूत आणि ह्या बाहेर खुर्चीवर, हातात टॉर्च. एका मुलीची पाळी पहिल्यांदा शिबिरातच आली, तर तिला जवळ घेऊन बसल्या आणि सकाळी तिला चुलीपासून दूर न ठेवता तिच्याकडूनच चहा करून घेतला. तो चहा सगळ्यांनी प्यायला. अशा बाई मिळाल्या तर मुलीचं नशीब. त्यांना शाळेकडून आणि आपल्याकडून मिळतं काय, तर ‘मार्क किती’ हा प्रश्न!

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते.

आम्ही काही जणी आमच्या भागातल्या महापालिकेच्या शाळेत दुपारी मुलींचा अभ्यास घ्यायला जातो. शाळेत गाइड कंपनी आहे, छोटीशी, पण खरीखुरी. आमच्याकडं भांडी-धुणं करणाऱ्या मावशींची मुलगी त्या कंपनीत आहे. आता नववीत. गेल्या वर्षी तिनं राज्य पुरस्कार मिळवला. गणवेश पथकाच्या पेटीतला, बूट मोठ्या बहिणीचे. त्याच वर्षी तिच्या वस्तीत शेजारच्या घरी लहान मुलाच्या हातावर गरम तेल सांडलं. बायका टूथपेस्ट घेऊन धावल्या. हिनं मुलाला उचललं आणि सार्वजनिक नळाखाली त्याचा हात धरून वीस मिनिटं बसली. कुणाला पेस्ट लावू दिली नाही. बायकांनी शिव्या घातल्या, पाणी वाया घालवते म्हणून. नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, नळाखाली धरायचं कुणी सुचवलं? हे मला तिनं नाही, तिच्या आईनं सांगितलं. भांडी घासता घासता, पाठमोरीच. पण आवाज वेगळा होता.

यंदा राष्ट्रपती पुरस्काराचं चाचणी शिबिर आहे. दुसऱ्या जिल्ह्यात, पाच दिवस. मुलगी फॉर्म घेऊन माझ्याकडं आली. ‘‘काकू, आई सही करत न्हाई. तुम्ही सांगा की.’’

मला वाटलं, पुन्हा तीच रात्र. आजीचंच वाक्य ऐकायचं म्हणून मी तयारी करून बसले. बाई बरोबर असतात, जागता पहारा असतो, सगळं सांगायचं ठरवलं. मावशी आल्या, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘रातीचं मला भ्या न्हाई ताई. वस्तीत रातीला जे असतं त्यापरीस तंबू बरा. पन सकाळची ती माझ्यासंगं तीन घरं करती, तवा कुठं माझी सा घरं उरकत्यात. पाच दिस मी एकटी कशी उरकू? आन खाडं केलं तर पैसं कापत्यात.’’

मी गप्पच झाले. मुलगी शाळेआधी आईला हात लावते हे मला माहीत होतं. माझ्याच घरची पातेली तिनं कितीदा घासलीत. ‘राज्य पुरस्कार मिळाला, शाब्बास’ म्हणून तिला पेन दिलं ते मीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोरीत भांडी घासत होती ती तीच. हे लिहितानाही हात थांबतो.

मावशींनी आणखी एक विचारलं, ‘‘त्या कागदाचं पुढं काय करायचं ताई?’’ हा प्रश्न माझ्या फोनवरच्या मैत्रिणीचाच होता, पण तो यांच्या तोंडून ऐकताना मला राग आला नाही. मी जे खरं तेच सांगितलं. दहावीला थोडे गुण मिळतील. रेल्वेत स्काऊट-गाइडच्या कोट्यातून भरती निघते, तिथं राष्ट्रपती पुरस्कार विचारतात, पण जागा मोजक्याच असतात, मिळेलच असं नाही. दहावीनंतर रेंजर होता येतं, पंचविशीपर्यंत. बाकी तेल सांडलं त्या दिवशी काय झालं ते तुम्हीच पाहिलंत. मावशी म्हणाल्या, ‘‘ते पायलं.’’

मग मी आमच्या इमारतीतल्या बाकीच्या पाच घरी गेले. त्यातल्या चार आमच्या महिला मंडळाच्या सभासद. गेल्या आठ मार्चला आम्ही याच मुलीला स्टेजवर बोलावून गुलाबाचं फूल दिलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. मी म्हटलं, पाच दिवस आपण आपली भांडी आपण घासू, पैसे कापायचे नाहीत. एकीनं दार उघडल्या उघडल्या ‘हो’ म्हटलं. एक म्हणाली, पाहुणे आहेत पण बघते, जमवते. दोघींनी नवऱ्यांना विचारून सांगते म्हटलं. भांडी नवरे घासणार होते की काय कोण जाणे! त्यातल्या एकीचा ‘हो’चा निरोप आला. दुसरी अजून विचारतेच आहे. पाचवी मात्र स्पष्ट बोलली. ‘‘आज हिला शिबिर, उद्या तिला अजून काही. सवय लागते हो यांना.’’ मंडळाच्या कार्यक्रमात सत्काराचं भाषण तिनंच केलं होतं.

म्हणजे माझ्यासह चार घरं पक्की. उरलेली दोन मावशी एकट्या करतील. मुलीनं हिशेब मांडला. तो तिनं मला लॉगबुकच्या मागच्या पानावर दाखवला. कुठल्या घरी किती वाजता, कुठं कपडे आहेत, कुठं नुसती भांडी, मधल्या चालण्याला किती मिनिटं. वर होकायंत्राचं चित्र, खाली हा नकाशा. मला त्यात एक ओळही दुरुस्त करावीशी वाटली नाही.

काल दुपारी मावशी आल्या. ओले हात पदराला पुसले, फॉर्म डायनिंग टेबलावर पसरला. पेन मी दिलं. त्यांना सही येते, मुलीनंच शिकवली आहे. सावकाश, एकेक अक्षर जोडत त्यांनी त्या रेघेवर नाव लिहिलं, आडनावाला रेघ पुरली नाही, तर शेवटची दोन अक्षरं खाली घेतली. फॉर्म पुन्हा पुन्हा निरखला. मग मला विचारलं, ‘‘थंडी आसंल न्हवं तिकडं? चादर एक दिऊ का दोन?’’